घोळीच्या कानातली खाडी

दुसऱ्याच्या भांडणात पैसे घालायचे आणि निकाल बाजूनं लागला की वाटा उचलायचा, हा धंदा शहरांत रुळून बरीच वर्षं झाली होती. निवतळ बंदरात तो पोचला २०३९ साली. परिसंवाद भरवणाऱ्या विद्वानांना त्यात जे कोडं वाटत होतं, ते निवतळच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत पहिला चहा संपायच्या आत सुटलं. होडीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालत आलेला. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, उरलेले माणसांचे. होडीचा मालक घरी पंख्याखाली लोळत असला तरी त्याचा वाटा त्याला पोचतो, आणि मासळी मिळाली नाही तर डिझेलही त्याच्याच अंगावर पडतं. देवदत्त रांगणेकर हा असाच एक मालक. त्याची होडी म्हणजे खटला, एवढाच फरक.

रांगणेकरानं उपग्रहांची एक कंपनी उभी केली होती, ती विकली होती, आणि आता आलेल्या पैशाचं काय करायचं या विवंचनेत तो वर्षाचे सहा महिने परदेशात आणि सहा महिने विमानात असे. अशा माणसाकडे निवतळच्या बायका संशयानं बघत होत्या. पण तो जमिनीवर मांडी घालून जेवायला बसला आणि काट्यांनी भरलेली भिंग मासळी कुणाला न विचारता, न थुंकता, स्वच्छ सांगाडा ताटाच्या कडेला ठेवून त्यानं संपवली. तेव्हा निम्मा संशय तिथंच गेला. उरलेला निम्मा वैजयंती चोगलेच्या मनात राहिला.

वैजयंती म्हणजे हरेश्वर नाखव्याची बायको. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालायचा त्यात तिचा शब्द शेवटचा असे. माल कितीचा आहे हे ती टोपलीकडे बघून सांगे आणि माणूस कितीचा आहे हे टोपलीकडे न बघता. तिनं रांगणेकराला एकच विचारलं. होडीचा मालक वाटा घेतो, पण होडी कुठं वळवायची ते तांडेल ठरवतो. मालक होडीत बसलेला असला तरी सुकाणूला हात लावत नाही. मग या खटल्याचं सुकाणू कुणाकडे?

रांगणेकराचे वकील प्रभंजन गुप्ते यांनी गोड हसून सांगितलं की सगळं सल्लामसलतीनं होईल. करारात मात्र साध्या भाषेत लिहिलेलं होतं की कोणता पुरावा मांडायचा आणि कधी तडजोड करायची हे पैसे घालणाऱ्याच्या संमतीशिवाय ठरणार नाही. वैजयंतीनं ते वाचलं, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग सगळ्यांबरोबर सहीही केली. दुसरा इलाज नव्हता. खाडीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना आला त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. खाडीतली मासळी आटली होती, पोरांच्या रक्तात शिसं निघत होतं, आणि गावानं दोनदा केलेला खटला दोन्ही वेळा तज्ज्ञांचे पैसे संपले म्हणून बुडाला होता. कारखाना दर वेळी तेच म्हणे. इथल्या मातीतच शिसं आहे, खाडी पहिल्यापासून अशीच आहे. पहिल्यापासून खाडी कशी होती हे सांगणारा साक्षीदार गावाकडे नव्हता.

तो साक्षीदार गावाच्याच घराघरांत लाल फडक्यात बांधून पडलेला होता, हे रांगणेकराला कळलं म्हणून तर तो आला होता.

*

निवतळची रीत अशी, की लग्नाआधी नवऱ्या मुलानं स्वतः होडी घेऊन आपल्या खाडीतली घोळ धरून आणायची. घोळ हा मोठा मासा, माणसाच्या कमरेला लागेल एवढा. त्याच्या डोक्यात दोन्ही कानांपाशी एकेक पांढरा खडा असतो, चिंचोक्याहून मोठा, शिंपल्यासारखा चमकणारा. डाव्या कानातला खडा नवरीच्या ओटीत घालायचा, उजवा होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, करवंटीत ठेवायचा. दोघं जिवंत असेपर्यंत दोन खडे एकत्र आणायचे नाहीत. का, ते कुणी सांगत नसे. मासा जेवणात संपे, खडे राहत.

या कानखड्याचं नवल असं, की माशाच्या अंगातलं सगळं बदलतं, झिजतं, हाडंसुद्धा विरघळून पुन्हा घडतात, पण हा खडा फक्त वाढतो. माशाच्या जन्मापासून रोज एक थर, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्या दिवशी मासा ज्या पाण्यात होता त्या पाण्याचा अंश त्या थरात अडकतो आणि कायमचा तिथंच राहतो. पाणी खारं असेल तर स्ट्रॉन्शियम जास्त, नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असेल तर बेरियम जास्त. ऑक्सिजनचे जड आणि हलके अणू मोजले की त्या दिवशी पाणी किती कोमट होतं तेही निघतं. जुनी यंत्रं हा खडा करवतीनं कापत आणि फार तर ऋतू वाचत. रांगणेकराच्या मालकीच्या ‘कर्णिका’ या नव्या यंत्राला करवत लागत नव्हती. प्रकाशाची एक सुई खड्यावर केसाहून बारीक चर ओढी, त्यातून उडालेले अणू एकेक करून मोजी आणि माशाचं आयुष्य दिवसावार पडद्यावर मांडी.

शिशाचं तर आणखी गमतीचं. शिशाचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. चार प्रकारची भावंडं असतात ती, आणि कुठल्या खाणीत कोण किती हे त्या त्या खाणीच्या वयावर ठरतं. म्हणून निवतळच्या मातीतलं शिसं वेगळं आणि दूरदेशीच्या खनिजातून बॅटरीत गेलेलं, बॅटरीतून भट्टीत, भट्टीतून खाडीत आलेलं शिसं वेगळं. शिसं आपलं कुळ लपवू शकत नाही.

कर्णिका चालवायला आली डॉ. निलोफर मुकादम. दाभोळकडची मुलगी, मासे खाऊन वाढलेली, पगार रांगणेकराचा. तिनं सोसायटीच्या बर्फगोदामाशेजारच्या खोलीत यंत्र मांडलं, आणि आठवड्याभरात त्या खोलीपुढे ज्योतिष्याकडे लागते तशी रांग लागली. आपल्या लग्नातली घोळ कशी जगली, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. पडद्यावर निळी, तांबूस, सोनेरी वलयं उमलत आणि निलोफर बोट ठेवून सांगे. हा पावसाळा, खाडी गोडी झालेली. हा उन्हाळा, मासा खाडीच्या तोंडाशी गेला. हे वादळाचं वर्ष, तीन दिवस तळाचा गाळ वर आलेला. तावातावानं भांडत आलेली माणसं भांडण विसरून पडद्याजवळ सरकत. ज्या माशाची आमटी करून खाल्ली त्यानं आपल्याही आधी आपलं पाणी पाहून ठेवलं होतं.

सोसायटीचे चेअरमन रामकृष्ण वरसोलकर यांचा खडा सगळ्यांत मोठा निघाला आणि तेव्हापासून ते कुणाला सहजासहजी भेटेनासे झाले. त्यांचं लग्न लॉकडाऊन उठल्यानंतरचं. घोळ अकरा वर्षांची, म्हणजे कारखान्याआधी जन्मलेली आणि कारखान्यानंतर मेलेली. आतली वलयं स्वच्छ निळी. मग एका वर्षापासून तांबूस, पुढं गडद. आणि त्या गडदात एकच फिकट, बारीक रेघ.

“हे काय?” वरसोलकरांनी विचारलं.

“लॉकडाऊन,” निलोफर म्हणाली. “भट्टी बंद होती ना.”

सगळं जग दारं लावून घाबरून बसलं होतं तेव्हा खाडीनं श्वास घेतला होता, आणि एका माशानं ते लिहून ठेवलं होतं.

*

पण वकिलाला हा खडा पुरेसा वाटत नव्हता. गुप्त्यांचं म्हणणं, कारखाना म्हणेल की मासा आहे, पोहतो. बाहेरच्या समुद्रातून खाडीत शिरला म्हणून आधी स्वच्छ आणि नंतर मळलेला. मासा इथलाच की बाहेरचा हे यंत्र ओळखतं, यावर न्यायाधिकरण कशाला विश्वास ठेवेल? म्हणून त्यांचा सगळा भर वैजयंतीच्या खड्यावर होता. तिचं लग्न कारखान्याच्या आधीचं, आणि तेवढा जुना, धड राहिलेला खडा गावात दुसरा नव्हता. म्हणजे मासा जगला आणि मेला तो सगळा कारखान्याआधी. शिशाची पहिली चाचणी झाली होती, एक डाग नव्हता. त्यावर गुप्त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं होतं, की माझ्या नवऱ्यानं निवतळच्या खाडीत धरलेल्या घोळीचा हा खडा आहे, आणि मुख्य फिर्यादी म्हणून वैजयंतीनं सही केली होती. पूर्ण वाचन राहिलं होतं तेवढं.

ते झालं त्या दिवशी वैजयंती मुद्दाम नवी साडी नेसून गेली होती. निलोफरनं वलयं उमलवली, नेहमीच्या हौसेनं बघायला लागली, आणि सहज म्हणून गेली की अरे, ही तर पाहुणी आहे. ही खाडी हिनं कधी पाहिलीच नाही. जन्म खंबातच्या आखाताकडचा, आयुष्य तिकडंच. स्वच्छ आहे खरी, पण ते पाणी आपलं नाही.

मग तिनं वैजयंतीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

वैजयंतीनं खडा फडक्यात बांधला. धक्क्यावर शिळी मासळी ताजी म्हणून कुणी खपवली की ती जे करी तेच तिनं केलं, म्हणजे पाठ फिरवून चालू लागली.

रांगणेकर दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. समजूत काढली, आणि ती इतकी व्यवस्थित काढली की ऐकणाऱ्याला आपणच हट्टी वाटावं. प्रतिज्ञापत्र केलं तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणजे तुम्ही खोटं बोलला नाहीत. खाडी नासली हे तर खरंच आहे; हा खडा नसला म्हणून ते खोटं ठरत नाही, फक्त सिद्ध होत नाही. कर्णिकासारखं दुसरं यंत्र नाही, समोरच्यांना तपासता येणार नाही. निलोफरचं वाचन आमच्या मालकीचं आहे आणि कुठला पुरावा मांडायचा हे करारानं आमच्याकडे आहे.

“शपथेवर कोण सांगणार?” वैजयंतीनं विचारलं.

“तुम्ही.”

“म्हणजे पैसे तुमचे आणि जीभ माझी.”

तो हसला. त्याला उत्तर आवडलं होतं, पण त्यानं पाय मागे घेतला नाही. गावातल्या तीनशे घरांचं काय, एवढंच त्यानं विचारलं आणि तो निघून गेला. अडचण अशी की प्रश्न रास्त होता.

एवढ्या पैशाच्या माणसाला एवढ्याशा खाडीचा इतका पुळका का, हे वैजयंतीनं निलोफरला विचारून घेतलं. निलोफरनं लपवलं नाही. एकदा एखाद्या न्यायाधिकरणानं कर्णिकाचा पुरावा मान्य केला, की जगातली प्रत्येक नासलेली खाडी, प्रत्येक कारखाना आणि प्रत्येक विमा कंपनी हे यंत्र भाड्यानं मागणार. निवतळचा वाटा त्यापुढे किरकोळ. हे ऐकून वैजयंतीला उलट हायसं वाटलं. दानशूर माणसाचा हिशेब लागत नाही, व्यापाऱ्याचा लागतो.

*

हरेश्वर सकाळी धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. त्याच्याइतका सरळ नाखवा निवतळात नाही असं सगळे म्हणत, आणि तोही ते न ऐकल्यासारखं करून ऐकत असे. वैजयंती शेजारी बसली आणि यंत्र काय म्हणालं यातलं काही न सांगता तिनं विचारलं, “नाखवा, आपल्या लग्नातली घोळ कुठली?”

ती त्याला नाखवा म्हणाली की एकतर लाडात असे नाहीतर रागात. त्याची सुई थांबली नाही. दोन गाठी जास्तीच्या पडल्या, त्या त्यानं उसवल्या.

मग बोलला. लग्न चार दिवसांवर आलेलं. आठवडाभर खाडी पिंजून एक घोळ मिळेना. भाऊबंद विचारायला लागलेले. शेवटी जाळ्याच्या दुरुस्तीचं निमित्त काढून तो मुंबईला धक्क्यावर गेला आणि वेरावळच्या एका होडीवरून घोळ विकत घेतली. घोळीच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, सोन्यासारखा भाव, म्हणून त्या विकणाऱ्यानं भोत काढून घेतलं आणि मासा दिला. फाटलेलं पोट हरेश्वरनं परतीच्या वाटेवर टेम्पोत बसून जाळ्याच्याच दोऱ्यानं शिवलं. पहाटे खाडीत होडी घातली आणि दिवस वर आल्यावर मासा खांद्यावर टाकून उतरला. लोकांनी वाजतगाजत आणला. शिवण कुणाला दिसली नाही, त्याचा त्याला अजून विस्मय वाटत होता.

“तुझ्या बापाशीला काय तोंड दाखवणार होतो?” तो म्हणाला. “खाडीनं मला नाय म्हटलं होतं. नाय म्हटलेला नवरा कोण करतं?”

त्याच्या मते गप्प बसावं हेच बरं होतं. स्वतःसाठी नाही, गावासाठी. वैजयंतीनं गावाला विचारलं तर गाव तिला तोंड उघडू देणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणून तिनं गावाला विचारलं नाही. रांगणेकराला सुकाणूवरून टोचणाऱ्या बाईनं या वेळी तेच केलं, एकटीनं वळण घेतलं. हिशेबात हे तिच्या नावावरही मांडायला हवं.

“मी खोटं शिवून देऊ शकत नाय,” ती म्हणाली. “पोट शिवलंस तेवढं पुरे.”

हरेश्वरनं सुई जाळ्यात खोवून ठेवली. “चेअरमन असेल कोर्टात?”

“असणारच.”

“मग सांग,” तो म्हणाला. “एकदाच सगळ्यांना कळू दे. घरोघर जाऊन सांगायला नको.”

*

किनारी न्यायाधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी बसे. न्यायमूर्ती इंगवले या बाईंचा लौकिक असा, की त्यांच्यापुढे वकील मुद्द्याचं बोलत. निवतळमधून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. मागच्या बाकावर रांगणेकर होता, त्याच्या पलीकडे निलोफर.

कारखान्याच्या वकिलानं उलटतपासणीला सुरुवात केली ती अगदी सवयीनं, पुढच्या प्रश्नांसाठी जमीन सारवून घ्यावी तशी. ही घोळ आपल्या पतींनी निवतळच्या खाडीत धरली, बरोबर?

“नाही,” वैजयंती म्हणाली.

वकील पुढचा प्रश्न विचारायच्या बेतात होते, ते थांबले. इतका मोठा मासा जाळं न टाकताच हाती आला याची त्यांना भीती वाटली. गुप्ते उठून उभे राहिले.

न्यायमूर्तींनी विचारलं, मग प्रतिज्ञापत्र? वैजयंतीनं सांगितलं, तेव्हा मला तसंच वाटत होतं. नंतर यंत्रानं सांगितलं की मासा आपल्या खाडीचा नाही. नवऱ्याला विचारलं, तो हो म्हणाला.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

वैजयंतीनं मागच्या बाकाकडे बघितलं नाही. ती म्हणाली, “सांगू नका म्हणाले. त्यांनी पैसे घातले म्हणून आम्ही या दारापर्यंत आलो, नाहीतर दोनदा वाटेतच बुडालो होतो. आणि त्यांनीच गप्प राहायला सांगितलं. दोन्ही खरं आहे बाईसाहेब. दोन्ही लिहा.”

मग तिनं होडीचे वाटे सांगितले. मालकाचा वाटा आम्ही कधी बुडवला नाही. पण सुकाणू तांडेलाच्या हातात असतं, कारण होडी बुडाली तर तो बुडतो.

निवतळच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि ती काही कौतुकाची नव्हती. वरसोलकरांच्या चेहऱ्यावर तर हिनं गाव विकलं असा भाव होता. कारखान्याच्या वकिलांनी, आता भीती गेल्यावर, पुरावाच खोटा निघाल्यानं दावा काढून टाकावा अशी मागणी केली.

न्यायमूर्ती इंगवले यांनी त्यांना बसायला सांगितलं. निलोफरला बाहेर पाठवलं. हरेश्वरला पुढं बोलावलं आणि विचारलं, मासा कुठून घेतला, आणि तो मुळात कुठं धरलेला होता हे ठाऊक आहे का. हरेश्वरनं मान खाली घालून सांगितलं, होडी वेरावळची. विकणारा मोठा बोलघेवडा होता, जाफराबादच्या समोर धरली म्हणून फुशारकी मारत होता, चक्रीवादळ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मग निलोफरला आत घेतलं. हरेश्वर काय बोलला ते तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच सांगितलं की या खड्याची शेवटची वलयं वाच.

भिंतीवरचा पडदा उजळला. एका कानखड्याचं आकाशाएवढं चित्र उमटलं, वलयांवर वलयं, मध्यभागी जन्माचा ठिपका. निलोफर कडेकडून आत येत गेली. शेवटच्या महिन्यातलं पाणी खारट, आखाताच्या तोंडाचं, सौराष्ट्राच्या बाजूचं. जाफराबादच्या आसपास असं ती म्हणेल. मरणाच्या आदल्या दिवशीच्या थरात तळातला गाळ आहे, पाणी अचानक गार. तिथं वादळ झालेलं असावं.

नवऱ्यानं सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट भिंतीवर जशीच्या तशी उभी होती, आणि ती सांगणारी मुलगी त्या वर्षी जेमतेम शाळेत जात होती. कारखान्याचे वकीलसुद्धा पडद्याकडे बघत राहिले. देवळात जाऊन नुसतं उभं राहावं तशी माणसं उभी होती.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “म्हणजे बाहेरचा मासा कोणता हे यंत्राला कळतं,” त्या म्हणाल्या. “आता तो दुसरा खडा दाखवा. चेअरमनांचा.”

*

निकाल लागला तो वरसोलकरांच्या खड्यावर. आयुष्यभर निवतळच्या खाडीत राहिलेली घोळ. आत निळं पाणी, मग भट्टीच्या कुळाचं शिसं, मध्ये लॉकडाऊनची फिकट रेघ. कारखान्यानं भट्टी बंद करायची, गाळ काढायचा, घरांना भरपाई द्यायची. पैसे घालणाऱ्याचा वाटा न्यायमूर्तींनी नाकारला नाही. ज्याला परवडत नाही त्याच्या न्यायाला कुणाचातरी आधार लागणारच, असं त्यांनी लिहिलं. पण आधी खाडीच्या सफाईची रक्कम बाजूला पडेल, मग त्याचा वाटा. आणि काय मांडायचं, कधी थांबायचं हे ठरवायचा हक्क विकत घेणारं कलम रद्द.

जमाखर्च मांडला तर असा. तिनं गप्प बसावं असं ज्याला वाटत होतं, त्या रांगणेकराला तिच्या बोलण्याचा सगळ्यांत जास्त फायदा झाला. कर्णिकाला मान्यता मिळाली ती त्याच्या वकिलांच्या फौजेनं नव्हे, तर त्याच्याच फिर्यादीनं त्याच्याविरुद्ध दिलेल्या साक्षीनं. गाव जिंकलं, पण ज्या बाईनं सगळ्यांना न विचारता सगळ्यांचं पणाला लावलं तिला ते धक्क्यावर महिनाभर ऐकवत राहिलं, आणि ते काही सर्वस्वी चूक नव्हतं. हरेश्वरच्या पाठीमागे पोरं पोट शिवायच्या खुणा करत. वरसोलकर मात्र नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना आता घोळीपासून सुरुवात करतात.

रांगणेकर जेवायला आला. भिंग नव्हती, बांगडा होता. त्यानं मोकळेपणानं कबूल केलं की मी हिशेबात चुकलो. विश्वास बसायचा तर आपलं नुकसान करून घेणारं एक माणूस लागतं, हा खर्च मी धरलाच नव्हता. मग म्हणाला, आणखी तीन देशांतल्या खाड्यांची माणसं तयार आहेत, तुम्ही सल्लागार म्हणून चला.

“त्यांचं सुकाणू कुणाकडे?” वैजयंतीनं विचारलं.

ते कलम काढलं तर पैसे घालणारे कमी होतील, असं तो म्हणाला.

“डिझेल महागलं म्हणून तांडेलाला कुणी उतरवत नाही,” ती म्हणाली आणि त्याच्या पानात दुसरा बांगडा वाढला. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बांगडा संपवला.

निलोफर यंत्र आवरायला घेणार त्या दुपारी हरेश्वर बर्फगोदामाच्या खोलीत आला. हातात करवंटी. होडीच्या नाळेवरचा उजवा खडा त्यानं टेबलावर वैजयंतीच्या खड्याशेजारी ठेवला. वैजयंती तिथंच होती, ती दचकली. दोघं जिवंत असताना दोन खडे एकत्र आणायचे नाहीत.

“ती आपल्या खाडीची नव्हं,” हरेश्वर म्हणाला. “तिला आपला नियम कशाला?”

निलोफरनं दोन्ही खडे यंत्राखाली सरकवले. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी उमलली, वलयाला वलय जुळलेली. वैजयंती म्हणाली, वाच. पहिल्यापासून वाच. निलोफर वाचायला लागली. नर्मदेच्या मुखाशी, गढूळ गोड्या पाण्यात जन्म. पहिल्या पावसाळ्यात पूर. दुसऱ्या वर्षी आखात ओलांडून पलीकडे. एक कडक उन्हाळा खोल पाण्यात काढला. परत किनाऱ्याला, पुन्हा खोल. सहा वर्षं, शेकडो मैल, प्रत्येक दिवस जागच्या जागी. शेवटी वादळ.

खोलीत तिघंच होती. लग्नापासून आपण काय ओटीत सांभाळलं होतं ते वैजयंती डोळे न मिटता बघत होती.

आपल्या खाडीतली आणायला हवी होती, एवढंच हरेश्वर म्हणाला.

वैजयंतीनं दोन्ही खडे उचलले, डावा कोणता उजवा कोणता न बघता एकाच लाल फडक्यात ठेवले आणि गाठ मारली.

“राहू दे,” ती म्हणाली. “आपल्या लग्नाला एवढ्या लांबून दुसरं कुणी आलं नव्हतं.”